निकाल प्रतीक्षेत

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून तिसरी गल्ली.
झेरॉक्स, रिचार्ज, लॅमिनेशन एकाच टेबलावर.
आचरेकर विचारतो, पदवी? उत्तीर्ण ना?
मी म्हणते, अजून नाही.
तो माउस खाली सरकवतो,
तिसरा पर्याय निघतो: निकाल प्रतीक्षेत.

लॉ सीईटीची फी आईने
बांगड्याच्या टोपलीखालून काढून दिलेली.
ओल्या नोटा आचरेकर पंख्याखाली धरतो.

सहावं सत्र एप्रिलात.
पाचव्यातली सांख्यिकी राहिलीय,
हे मी सांगत नाही.
फॉर्मही विचारत नाही.

"बाजारात तुरी," मावशी म्हणते,
"नि हिचो काळो कोट शिवूक टाकलो!"

बाबा गप्प.
त्यांच्या होडीवर नंबर आधी रंगवला होता,
इंजिन आलं पुढल्या मोसमात.
मधलं वर्षभर ती वाळूतच उभी,
आणि आम्ही पोरं तिच्यात बसून
रोज गोव्याला जाऊन यायचो.

रात्री जेवणं झाल्यावर
ते पत्र्याच्या पेटीतली पिशवी काढतात.
मत्स्य खात्याची नोटीस, दोन वर्षांपूर्वीची,
घड्या खाऱ्या हवेने मऊ पडलेल्या.
जाळं आमचं कापलं मोठ्या ट्रॉलरनं,
दंड आमच्याच नावावर.

"ह्यां वाच."
बाबा, माझी पदवी अजून...
"वाचूक पदवी लागता?"

मी कागद दिव्याखाली धरते.
पहिल्याच ओळीत, तुळाजी केळुसकरचा
तुकाराम केळुसकर झालेला.

पेन्सिल कुठे आहे, विचारते.