शनिवारी, बालवाडीत

खुर्च्या चार वर्षांच्या पोरांच्या मापाच्या.
बसलं की गुडघे हनुवटीला लागतात.
मानखुर्द, बत्तीस नंबरची इमारत, तळमजला.
भिंतीवर अ अननसाचा, आ आईचा,
ब बदकाचा; त्या बदकाला
कुणीतरी पेन्सिलीनं मिशा काढल्यात.
बहुतेक बाप म्हणून.

पहिल्या शनिवारी मी दाराशीच बसलो,
टेम्पोची किल्ली मुठीत, लगेच निघता यावं म्हणून.
शाळेतल्या बाईंनी धाडलं होतं.
त्यांनी ओवीच्या पोटरीवरचा वळ पाहिला होता.
वळ.
हा शब्द मी रोज ऐकतो गाडी चालवताना,
डावीकडे वळ, पुढून वळ.
त्या दिवशी तो माझ्या लेकीच्या पायावर होता
आणि मला कुठंच वळता येईना.

वाटलं होतं, वकील असतील, पोलीस असतील.
होता रोहिदास, बस डेपोत टायर बदलणारा,
होती शबिस्ता, जुळ्यांची आई, डोळे तांबारलेले,
आणि कांबळीबाई, स्टोव्हवर चहा ठेवणाऱ्या.
का मारलंस, असं कुणी विचारलं नाही.
बाई म्हणाल्या, त्याच्या आधी काय झालं?
तिनं दूध सांडलं.
त्याच्या आधी?
बायको रात्रपाळीला गेली, हॉस्पिटलात.
त्याच्या आधी?
शेठनं तीन दिवसांचे पैसे कापले.
त्याच्या आधी?
त्याच्या आधी मी आठ वर्षांचा,
आणि खुंटीवरच्या पट्ट्याचं बक्कल
वडील आत यायच्या आधीच वाजायचं.
हे मी बोललो नाही. चहा संपवला.
बाई म्हणाल्या, जे आठवलं ते असू दे,
पण त्याच्या आडून मारायचं नाही.

शबिस्ता म्हणाली, हात शिवशिवले की
मी पॅसेजमध्ये येते
आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजते.
चाळिसाच्या आसपास हात माझे होतात.
कधी कधी दोनदा मोजाव्या लागतात.

एका रात्री दीडला तिचा फोन.
बोलेना. मागं दोन्ही पोरं रडतायत.
मी विचारलं, दिवे लागलेल्याच मोजायच्या, की सगळ्या?
बऱ्याच वेळानं: सगळ्या. एक.
मी म्हटलं, दोन.
अडतिसाव्या खिडकीला तिनं फोन ठेवला.
ओवी अंथरुणातून बघत होती.
बाबा, तुम्ही कुणाला आकडे शिकवताय?

चार्जरची ती वायर महिनाभर सापडत नव्हती.
परवा तांदूळ काढताना बोटांना लागली,
डब्याच्या तळाशी, नीट गुंडाळलेली.
गृहपाठाची पेन्सिल थांबली. मी पाहिलं नाही, ऐकलं.
दीड वाटी तांदूळ घेतले, झाकण लावलं.
फोन आता टेम्पोतच चार्ज करतो.

आज हे सांगितलं.
टाळ्या नाहीत. रोहिदासनं खुर्ची ओढली,
फरशीवर प्लास्टिक किरकिरलं.
कांबळीबाईंनी विचारलं, मग भात केलास?
केला.
खाल्ला तिनं?
पंखा लावायला मी हात वर केला, तेव्हा थांबली.
मग खाल्ला.