एम-एक, एम-दोन

भास्कर गायधनी पुडी घेऊन आला तेव्हा
सातपूरच्या आमच्या लॅबमध्ये लाइट नुकतीच आली होती.
यंत्र तयार होईस्तोवर तो स्टुलावर बसून राहिला,
दोन बोटं मनगटावर, ओठ हलताहेत,
स्वतःचे ठोके मोजत.

मखमलाबाद रोडला त्याचं मिसळीचं दुकान.
वीस वर्षं रश्श्याचं मीठ तो जिभेनं नाही, भुकेनं लावतो:
पहाटे चारला, उपाशी पोटी, एक चमचा.
पोट ‘आण’ म्हणालं की झालं.
श्रावणात कुणीतरी ही दिली, आयुर्वेदिक म्हणून.
हिरव्या पाकिटावर पान, पानावर दव.
अकरा किलो उतरला.
मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, शेठ, रस्सा आळणी.
मग म्हणायला लागली, खारट.
तो चाखायचा. चव कळायची.
आतून उत्तर नाही.
रिंग जातेय, उचलत नाही कोणी.

साडेसात मिनिटांनी पडद्यावर शिखर उभं राहिलं.
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो, तसलं ऐसपैस नाही,
सुईसारखं, लाज नसलेलं.
सिब्युट्रामीन. बंदी येऊन कितीतरी वर्षं झालेलं.
‘म्हणजे ताई, हे आता माझ्या अंगात आहे?’

इथे मी अडले.
कारण हे त्याच्या अंगात फारसं नसतंच.
तासाभरात निम्मं संपतं.
यकृत त्याला धरतं, नायट्रोजनवरचे दोन मिथाइल
लसूण सोलावा तसे उतरवतं.
एक उतरला: एम-एक.
दुसरा उतरला: एम-दोन.
बारसं करायचीही कुणाला गरज वाटली नाही.
आणि सोलल्यावर जोर जायला हवा, तर उलट चढतो.
चौदा तास लागतात एकाला निम्मं व्हायला,
दुसऱ्याला सोळा.
गिळतो आपण एकाला, राबतात ही दोघं.

भास्करला मी वेगळं सांगितलं.
म्हटलं, तुझा पोऱ्या प्लेट ठेवतो
आणि रिकामा ट्रे घेऊन आत परततो ना?
डोक्यात तसंच आहे.
‘भरलं’ हा निरोप घेऊन पोऱ्या बाहेर येतो,
सांगतो, की लगेच आत ओढला जातो.
ही दोघं ते आतलं दार धरून बसतात.
पोऱ्या बाहेरच. टेबलापाशी उभा. सांगतोय,
भरलं, भरलं, भरलं.
छातीपाशीही एक असाच अडकलेला,
तो म्हणतो, पळ.

बराच वेळ गप्प. मग,
‘म्हणजे भूक मेली नाही.’
नाही.
‘किती दिवस?’
कोऱ्या पाठीवर मी गुणाकार केला,
सोळा पंचे ऐंशी.
आज सोमवार, सकाळी सातची पुडी शेवटची धर,
म्हणजे गुरुवार, दुपारचे तीन.
आणि इथून सरळ डॉक्टरकडे जा, बीपी दाखव.
तो कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला,
उधारीची चिठ्ठी ठेवतात तसा.

संध्याकाळी अहवाल भरला.
नमुना: हिरवट भुकटी. आढळलेला घटक: एक.
पुडीत सापडतं त्याला रकाना आहे.
माणसात गेल्यावर होतं त्याला नाही.
एम-एक, एम-दोन पुडीत कधी नव्हतेच.
मी सही केली आणि शिक्का जरा तिरका पडला.

गुरुवारी तीनला उगाच घड्याळ पाहिलं.
फोन नाही.
आला तो शुक्रवारी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी,
मागे शेगडीची घरघर, कुणीतरी कांदा चिरतंय.
‘ताई, लागली. घाबरलोच. वाटलं पोटात दुखतंय.’
मग?
‘मग काय, रात्रीची बाजरीची भाकरी होती, उभ्या उभ्याच...’
तोंड भरलेलं होतं, पुढचं नीट कळलं नाही.
बहुतेक मीठ म्हणाला.