राखीव नमुना

सोहारच्या बंदरात, सहा नंबरच्या सायलोखाली
माझी खोली. एसी, तराजू, ओलावा मोजायचं यंत्र
आणि भिंतभर बरण्या.
जहाज लागलं की मी शिडी चढते,
पितळी नळी धान्यात खुपसते
सात ठिकाणी, वर, मध्ये, तळाशी,
आणि अख्ख्या जहाजाचं खरंखोटं
दोन किलोंत उतरवून आणते.
साडेतेरा टक्क्यांवर ओलावा गेला
तर माल परत.
माझ्या सहीचा अर्थ एवढाच.

जानेवारीत आलं ते ज्वारीचं जहाज.
फॉर्मवर रकाना: वापर.
शमसा अल-बलूशीने लिहिलं: जनावरं.
आत वाळूत गायींचे गोठे आहेत,
त्यांच्यावर छतातून धुकं सोडतात.
मी दाणे तळहातावर घेतले
आणि सवयीने एक दाताखाली फोडला.
मालदांडी नव्हे. भावकीतली कुणीतरी.

बाबिकर ट्रक लावून उभा होता.
त्यानेही एक फोडला.
"दुरा," तो म्हणाला.
"ज्वारी," मी म्हणाले.
एकाच दाण्याबद्दल बोलत होतो
तरी दोघांनाही जरा राग आला.

त्याच्या गावाजवळ नदी आहे.
काठची जमीन कुठल्याशा कंपनीने करारावर घेतली,
तिथे बारमाही चारा होतो,
गठ्ठे होऊन समुद्र ओलांडतो.
कधी ते गठ्ठे बाबिकरच वाहतो.
म्हणतो, वासावरून कळतं,
हे आमचं पाणी.

माझ्या गावाला कालवा आला.
ज्वारी बांधावर गेली,
मग ऊस बांधावरही आला.
पुढे सरकारने तिच्या नावाने वर्ष साजरं केलं;
भाचीने शाळेत कणीस रंगवलं,
मक्याचं.
पहिलं बक्षीस मिळालं तिला.

जूनमध्ये एकोणपन्नास अंश.
वरच्या मजल्यावर मीटिंग,
साठा किती महिन्यांचा धरायचा.
जर सामुद्रधुनी बंद झाली,
जर त्या देशाने निर्यात थांबवली,
जर तिकडे पाऊसच

कुणी वाक्य पूर्ण करत नव्हतं.
मी आकडे देऊन खाली आले.

जुलैत ज्वारीचे सहा महिने भरले.
नियम असा: तक्रार नसल्यास
राखीव नमुना नष्ट करावा.
कसा, ते लिहिलेलं नाही.

मिक्सर शमसानेच घरून आणला.
पण पिठाची विरी गेली होती.
थापायला घेतलं की कडा फाटत,
चंद्राचे तुकडे पडावेत तशी भाकरी परातीत.
मग आधण ठेवलं, पीठ उकडून घेतलं,
झाकण टाकून गप्प बसलो.
बाबिकर म्हणाला, तुम्ही तिला मारता कशाला?
आम्ही रात्रभर आंबवतो, पातळ करतो,
तव्यावर नुसती पसरवतो.
त्याने दुसऱ्या दिवशी तशी करून आणली,
आंबट, कागदासारखी.
शमसाने दोन्ही खाल्ल्या, मत दिलं नाही.
वहीत लिहिलं:
नमुना चारशे सतरा. नष्ट.
साक्षीदार तीन.

परवा पाहिलं तर खोलीमागे,
एसीच्या नळीतून थेंब पडतो तिथे,
सांडलेले चार दाणे उगवलेले. वीतभर.
आजूबाजूला सिमेंट, डिझेल, मिठाची खपली,
आणि ही हिरवी आगाऊ पोरं.
मी रोज त्यांना बघून मग कामाला लागायचे.

आज कुंपणाखालून एक बकरी आली,
तिने मान खाली घातली.
मी दारातून, बाबिकर ट्रकवरून,
एकदमच धावलो,
ओरडत, आपापल्या भाषेत.
ज्वारीसाठी नाही.
कोवळ्या ताटाला किराळ असते,
जनावर तासाभरात आडवं होतं.

शमसा खिडकीतून विचारत होती,
काय झालं, काय झालं.
बकरी केव्हाच पळाली होती.
आम्ही दोघं धापा टाकत उभे,
आणि तिला कळेल असा शब्द
दोघांनाही सापडत नव्हता.