वाघूर

भिवसनमामानं वाघूर काढली
आढ्याला टांगलेली. उंदरांनी दोन जागी कुरतडलेली.
भूमच्या माळावर आता पवनचक्क्या,
बांधाला तणनाशकाचा वास.
लेंड्या दिसल्या त्या मागल्या शिमग्याला,
त्याही वाळून भुगा.

कुत्री म्हातारी झालीय.
झोपेत तेवढी धावते.

"फॉरेस्टवाल्यानं धरलं तर?" मी विचारलं.
"कशापायी धरंल?" मामा हसला,
"रिकाम्या जाळ्याला कलम लागत नाही."

मग नातीला जवळ बसवून
गाठ शिकवली:
तीन बोटं, वर अंगठ्याचं एक पेर,
एवढंच घर ठेवायचं,
डोकं जावं, खांदे अडकावेत.

तिनं ससा अजून पाहिलेला नाही.
पण कंदील विझल्यावरही
त्याच्या डोक्याचं माप
बिनचूक घेते,
गाठीमागं गाठ.