सुंदर अक्षर

मागच्या जानेवारीत, तिसरीत,
निलोफर रंगरेजला मीच दिले होते
दहापैकी तीन.
वर लाल शाईत शेरा: अक्षर गिचमिड. सुधारणा हवी.
खाली सही, तारीख, सगळं वळणदार.

यंदा वही तपासताना
पानाच्या कडेला दिसला बोटाचा गुलाबी ठसा,
आणि ठशाच्या मधोमध, केसाएवढी,
एक कोरी फट.

संध्याकाळी गेंडीगेटला मुद्दाम उतरले.
फुटपाथभर खांब रोवलेले,
या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेला मांजा,
आधी पांढरा, मग गुलाबी,
जशी कुणी शिरोरेघ ओढून ठेवावी
आणि अक्षरं लिहायची राहून जावीत.
बाप पुढे, मुठीत काचेचा लगदा घेऊन.
मागे ही, बोटांना चिकटपट्ट्या,
दोरा चाचपत, गाठ शोधत.
मला पाहून हात फ्रॉकमागे लपवले.
"बेन, गृहपाठ झालाय," म्हणाली.
मी विचारलंही नव्हतं.

दवेसाहेबांना म्हटलं, स्पर्धा फेब्रुवारीत घेऊ.
माणूस वाईट नाही.
चहा मागवला, परिपत्रक दाखवलं.
"बेन, बधा माटे नियम सरखो."
खरंच होतं ते.
नियम सारखाच होता,
बोटं नव्हती.
माझ्या कपाचा कान तुटलेला,
न बोलता मी तो दोन्ही हातांनी धरला.

मग माझ्यापुरतं, चौथी ब पुरतं,
उत्तरायणानंतर तीन आठवडे थांबले.
कुणी विचारलंच तर सांगायचं, कागद आले नव्हते.

फेब्रुवारीचा पहिला सोमवार.
बेचाळीस मुलं, बेचाळीस कागद.
धवल परमार डावखुरा,
त्याला बाकाचं डावं टोक दिलं,
कोपर कुणाला न लागता लिहू दे.
(मागच्या वर्षी त्यालाही मी...
नको, ते आत्ता नको.)

गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते.
तीस वर्षं शिकवतेय, तरी माझ्या मराठी हाताला
अजून ती उघडी वाटतात,
लटकायला काही नसलेली,
आपापल्या पायांवर.
निलोफरचा क तसा होता.
जरा कललेला, पण उभा.

तिचा नंबर आला नाही.
पहिली आली उर्वी, दरवर्षीसारखी.
निलोफरला दहापैकी सहा.
साडेसहा देता आले असते.
दिले नाहीत.

मधल्या सुटीत ती टेबलाशी आली.
चिकटपट्ट्या निघालेल्या, बोटांवर पांढरट रेघा.
कागदावरचा सहा
बोट फिरवून फिरवून पुसट झालेला.
"बेन, पुढच्या वर्षी पण
फेब्रुवारीतच ना?"

पुढच्या वर्षी ती पाचवीत,
वरच्या मजल्यावर, दुसऱ्या बेनकडे.
मी दवेसाहेबांच्या खोलीकडे पाहिलं.
दार उघडंच होतं.
चहावाला पोऱ्या
नुकताच आत शिरत होता.