किमान जाडी

हॅलिफॅक्समध्ये सपाट रस्ता मागू नये.
बंद गिरणीच्या चिमणीपासून आमच्या गल्लीपर्यंत
उतार म्हणजे उतार, तोही दगडी, तोही ओला.
इथे मोटरसायकल घेताना
पळते किती हे सगळ्यात शेवटी विचारावं.

"माझा नॉर्मन कधी जोरात गेला नाही,"
किल्ली देताना ग्लॅडिस म्हणाली,
आणि मूठ क्षणभर मिटलेलीच ठेवली.
मी मान डोलावली. पैसे मोजून दिले.
मग मार्चभर, ब्रेक दाबला की
करपलेल्या पातेल्यात उलथनं खरवडावं तसा आवाज.

आज रविवार. शेडमध्ये हीटर आणि मी.
कॅलिपरचे दोन बोल्ट निघाले, पॅड हातात आले:
लायनिंग संपलेलं, नुसता पत्रा.
डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा काठ,
पाठीवर मोरपिशी डाग. तापून तापून पडतात तसे.
सावकाश जाणाऱ्याची डिस्क मोरपिशी होत नाही,
नॉर्मन.

डिस्कवर बारीक ठसा आहे: किमान जाडी चार मिलिमीटर.
मी बाबांचा मायक्रोमीटर काढला,
इचलकरंजीहून साडीच्या घडीत आणलेला.
ते मात्र सुतातच बोलायचे.
लेथवर वाकून म्हणायचे, "अर्ध्या सुताची चूक कर,
गिऱ्हाईक सुतावरून स्वर्ग गाठतंय बघ,"
आणि स्वतःच हसायचे.
तीन पॉइंट सहा.
तीन ठिकाणी मोजलं. तेच.

चंदन झिजतं, हे सत्काराच्या प्रत्येक भाषणात असतं.
सहाणेचं नाव कुणी घेत नाही.
आमची सहाण मधोमध इतकी खोल गेली होती
की तिच्यात पाणी साचायचं.

दुकानात वसीमने विचारलं, "ऑरगॅनिक की सिंटर्ड?"
एक मऊ, मुकाट, डिस्कला सांभाळून घेणारं.
दुसरं कडक. पावसातही धरतं,
पण डिस्क खातं.
मी बाहेरच्या आभाळाकडे पाहिलं.
खाऊ दे म्हटलं.

नव्या डिस्कवरचं तेल पुसलं, दोनदा.
पाच बोल्ट, निळ्या गोंदाचा एकेक थेंब,
क्रमाने नाही, चांदणी काढावी तसे आवळले.
पिस्टन मागे रेटले तर वरच्या डबीतलं फ्लुइड चढलं,
एक ठिपका टाकीवर सांडला,
पुसेपर्यंत तिथला रंग सुरकुतला.
तेवढी गाडी माझी झाली.

मग लिव्हर दाबली.
सरळ ग्रिपला टेकली. पोकळ.
हे होतं, हे मला माहीत होतं,
तरी पोटात खड्डा पडला.
पुन्हा दाबली. पुन्हा. नवव्यांदा
पलीकडून कुणीतरी हात धरला.

ग्लॅडिस चहा घेऊन आली तेव्हा
जुनी डिस्क बाकावर होती.
"काय म्हणतेय ती?"
मी मोरपिशी बाजू खाली केली.
"खूप वेळा थांबलाय तो," एवढंच म्हणाले.

तिने डिस्क उचलली, बशी पुसावी तशी पदराने,
म्हणजे एप्रनने, पुसली.
"बेकरीत रात्रपाळी असायची त्याची, एकोणीस वर्षं.
पहाटे वरच्या कोपऱ्यावरच इंजिन बंद करायचा,
मला जाग येऊ नये म्हणून,
आणि अख्खा उतार ब्रेकवर उतरायचा.
ब्रेक काय किंचाळायचे गं!
रोज जाग यायची.
कधी सांगितलं नाही मी."

चहा गार होईस्तोवर दोघी बोललो नाही.
डिस्क ती घेऊन गेली.

नवे ब्रेक पहिल्या दिवशी नीट धरत नाहीत.
शंभरेक मैल हलक्या हाताने जावं लागतं.
संध्याकाळी वरच्या कोपऱ्यापर्यंत गेले,
इंजिन चालू ठेवूनच उतरले,
थोडं दाबत, थोडं सोडत.
दारात थांबले. काहीच वाजलं नाही.
ग्लॅडिसचा पडदा
हलला नाही.