मिनिटाला दहा हजार

सिल्व्हर मॉलच्या तळघरातून शिरीषनं आणली ती डिस्क,
कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातली,
मिनिटाला दहा हजार फेरे.
"इथे सात घेतानाच लोक दमतात," आई म्हणाली.

रात्र रात्र तो लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडायचा.
टेबलाखालून एक बारीक शिट्टी,
कुकरची होता होता राहिलेली,
आणि मधेच
वाटीत हरभरे हलवावेत तशी खडखड.
सुदामा नगरात एवढी एकच खोली आमची.
आईनं कानात कापूस घातला.
मी सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे
स्क्रूखाली बसवले.
टेबल थरथरायचं थांबलं.
शिट्टी तशीच.

बाबांना यातलं काही ऐकूच येत नव्हतं.
एकवीस वर्षं मिलच्या रिंगखात्यात.
वरचे सगळे सूर तिथेच राहिले,
थकलेल्या पगाराबरोबर.

एका पहाटे पाणी प्यायला उठले,
जाता जाता कॅबिनेटवर तळवा ठेवला,
ठेवूनच राहिले.
"चातीचं बेअरिंग चाललंय. आठवडा, फार तर."
शिरीष हसला.
मी मात्र त्या रात्री उतरवून घेतलं सगळं:
पाटणीपुऱ्याची वरात, महूची मुंज,
देवासची ती नवरी, जी कॅमेऱ्याकडे बघतच नाही.

शुक्रवारी शिट्टी चढत गेली,
चढत गेली,
मग एक टक्.

उघडली तर आतली चकती लख्ख.
बाबा हल्ली तिच्यात बघून दाढी करतात.
हनुवटीपुरती पुरते, म्हणतात;
गाल अंदाजानं.